हाती झाडू, नावावर जगज्जेतेपद

मैत्रिणींनो, हातात झाडू घेऊन जगज्जेती झालेली बाई तुम्ही कधी ऐकली आहे का? थट्टा नाही करत मी. कॅनडा देशात सॅन्ड्रा श्मर्लर नावाची एक बाई होऊन गेली. आपल्या देशाची राष्ट्रीय स्पर्धा तिने तीनदा जिंकली, जागतिक स्पर्धा तीनदा जिंकली आणि १९९८ साली ऑलिंपिकचं सुवर्णपदक घरी आणलं. २ मार्च २००० रोजी ती गेली, तेव्हा तिचं वय अवघं ३६ होतं. मागे नवरा, एक अडीच वर्षांची आणि एक आठ महिन्यांची अशा दोन लेकी. तिच्या मरणाने सगळा देश हळहळला. आपल्याकडे मात्र तिचं नाव फारसं कुणाला ठाऊक नाही, कारण तिचा खेळच आपल्याला ठाऊक नाही. म्हणून आधी खेळाचं सांगते, मग बाईचं.

खेळाचं नाव कर्लिंग. तो बर्फावर खेळतात. आता आमच्या वडीगोद्रीत बर्फ म्हणजे उन्हाळ्यात गोळेवाल्याच्या गाडीवरचा, नाहीतर लग्नाच्या पंगतीला पाण्याच्या टाकीत सोडलेली लादी. त्यामुळे दीडशे फूट लांब आणि पंधराएक फूट रुंद असा बर्फाचा पट्टा डोळ्यांसमोर आणायला जरा जड जाईल. पण बाकीचं सगळं ओळखीचंच आहे बघा. पट्ट्याच्या दोन्ही टोकांना बर्फातच एकात एक अशी वर्तुळं रंगवलेली असतात, रांगोळीच्या ठिपक्याभोवती कडी काढावीत तशी. खेळायचा दगड जात्याच्या वरच्या दगडासारखा गोल, वर धरायला मूठ. वजन जवळपास अर्धा मण, म्हणजे वीस किलोच्या आतबाहेर. हे दगड साधेसुधे नसतात. स्कॉटलंडजवळच्या समुद्रात एल्सा क्रेग नावाचं एक छोटं बेट आहे, तिथला ग्रॅनाइट त्यासाठी नावाजलेला. खेळही मूळचा स्कॉटलंडचाच, गोठलेल्या तळ्यांवर काही शतकांपूर्वी सुरू झालेला.

सामन्याआधी बर्फावर पाण्याचे बारीक थेंब शिंपडतात. अगदी सडा टाकावा तसे. थेंब गोठले की पृष्ठभाग किंचित खरखरीत होतो आणि त्यावरून दगड चांगला घसरतो. खेळाडू वाकून, जवळजवळ जमिनीला टेकून, दगडाला हलकासा पीळ देत सोडते. त्या पिळामुळे दगड सरळ न जाता हळूहळू वळत जातो. आणि मग येतो झाडू! दगडाच्या पुढे पुढे दोघीजणी पळत पळत जिवाच्या आकांताने बर्फ घासतात. घासल्याने बर्फ थोडासा गरम होतो, घर्षण कमी होतं, दगड आणखी काही फूट लांब जातो आणि वळायचा थोडा कमी वळतो. म्हणजे दगड हातातून सुटल्यावरही त्याची वाट झाडूवाल्यांच्या हातात असते. पूर्वी कॅनडात त्यासाठी खरोखरचे काड्यांचे झाडू वापरत. त्या काड्या ज्या पिकाच्या, ते पीक आपल्या ज्वारीच्याच जातीतलं. पुढे ब्रश आले, पण शब्द झाडण्याचाच राहिला.

एका संघात चौघी. प्रत्येकीने दोन दगड टाकायचे. दोन्ही संघांचे मिळून सोळा दगड झाले की एक डाव संपतो. मधल्या ठिपक्याच्या सगळ्यात जवळ ज्यांचा दगड, गुण त्यांना. दुसऱ्याचा दगड टोला मारून उडवता येतो, गोट्यांत उडवतो तसा. आपल्याच दगडाआड आपला दगड दडवताही येतो. त्यामुळे ताकदीइतकंच डोकं लागतं. चौघींच्या प्रमुखाला स्किप म्हणतात. डाव कसा मांडायचा हे ती ठरवते आणि बहुधा शेवटचे दोन दगडही तीच टाकते. म्हणजे बाकीच्या तिघींनी केलेलं सावरायचं किंवा घालवायचं ते हिच्याच हाताने. सॅन्ड्रा स्किप होती.

ती जन्मली ११ जून १९६३ रोजी, सस्कॅचवन प्रांतातल्या बिगर नावाच्या गावात. आपल्याकडे बिगर म्हणजे 'शिवाय'. इंग्रजीत मात्र हे नाव 'जास्त मोठं' या अर्थाच्या शब्दासारखं ऐकू येतं. त्यावरून गावकऱ्यांनी वेशीवर पाटी लावली, की न्यूयॉर्क मोठं असेल, पण आमचं गाव त्याहून मोठं आहे. वस्ती किती म्हणाल, तर दोन-अडीच हजार! गावाचा विनोद मला फार आवडला. आपल्या गावाची लाज वाटणं आणि आपल्या गावावर हसता येणं यात फरक आहे.

हा सगळा भाग गव्हाचा. नजर पोहोचेल तिथवर सपाट रान, मधूनच रेल्वेचा रूळ आणि धान्याची उंच कोठारं. हिवाळा चार-पाच महिन्यांचा, पारा शून्याच्या खाली वीस-तीस अंश. शेतात काम नाही, बाहेर निघवत नाही. मग गावाने करायचं काय? आपल्याकडे गावोगाव मारुतीचं देऊळ आणि तालीम, तसं तिकडे गावोगाव कर्लिंगचं छप्पर. बाप्ये खेळतात, बाया खेळतात, शाळेची पोरं खेळतात, आजोबाही खेळतात. सॅन्ड्रा तीन बहिणींत धाकटी. शाळेतच तिला या खेळाचा नाद लागला आणि शाळेच्या संघाने प्रांताची शालेय स्पर्धा जिंकली, तेव्हा ती त्या संघात होती.

आता राष्ट्रीय स्पर्धेचं थोडं सांगते, कारण त्याशिवाय सॅन्ड्राचं मोल कळणार नाही. कॅनडात पुरुषांची कर्लिंगची राष्ट्रीय स्पर्धा १९२७ साली सुरू झाली. बायकांची कधी? १९६१ साली! मधे चौतीस वर्षं गेली. बाया खेळत नव्हत्या असं नाही. गावोगाव खेळत होत्या, आपसात स्पर्धाही होत होत्या, पण देशाची म्हणावी अशी त्यांची स्पर्धा कुणी भरवली नव्हती. जगाच्या पातळीवरही तेच. पुरुषांची जागतिक स्पर्धा १९५९ ची, बायकांची १९७९ ची. प्रगत देश म्हणून आपण ज्यांच्याकडे बघतो, तिथेही बायकांचं पान शेवटीच वाढलं जातं, हे वाचून मला थोडं बरंच वाटलं, खोटं का बोलू!

१९६१ ची ती पहिली स्पर्धा ओटावा शहरात झाली आणि जिंकली सस्कॅचवनच्याच जॉइस मॅकी हिच्या संघाने. पुढे १९६९ ते १९७३ अशी सलग पाच वर्षं विजेतेपद याच प्रांतात राहिलं. त्यातली शेवटची तीन व्हेरा पेझर हिच्या संघाची, आणि त्या संघातही जॉइस मॅकी होतीच. म्हणजे सॅन्ड्रा शाळेच्या वाटेवर होती, तेव्हा तिच्या प्रांतातल्या बाया देशात पहिल्या येत होत्या. पोरींना अशी नावं कानावर पडावी लागतात.

१९८२ पासून या स्पर्धेचा खर्च स्कॉट नावाच्या कागदी रुमाल बनवणाऱ्या कंपनीने उचलला आणि स्पर्धेला तिचं नाव मिळालं, स्कॉट टुर्नामेंट ऑफ हार्ट्स. पत्त्यातलं बदाम ते हार्ट. तिथे खेळायला आलेल्या प्रत्येक खेळाडूला चार बदाम जोडलेलं सोन्याचं पदक गळ्यात घालायला मिळतं. पुन्हा कधी पात्र ठरून आली, तर त्यात एक हिरा बसवतात. हरली तरी पदक तिचंच. लग्नात माहेरचे घालतात तो दागिना वेगळा, नवरा घालतो तो वेगळा, आणि हा वेगळा. हा स्वतः खेळून मिळवलेला.

गावाहून सॅन्ड्रा सस्कॅटूनच्या विद्यापीठात गेली. आधी संगणकाचं शिकत होती, ते सोडून शारीरिक शिक्षणाकडे वळली आणि पदवी घेतली. मग प्रांताची राजधानी रजायना इथे आली. तिथल्या नगरपालिकेच्या पोहण्याच्या तलावावर आणि क्रीडा केंद्रावर ती नोकरी करायची. आणि हे नीट लक्षात घ्या, शेवटपर्यंत ती नोकरदार बाईच होती. या खेळात तेव्हा पोट भरण्याइतका पैसा नव्हता. दिवसा कामावर, संध्याकाळी बर्फावर, हिवाळ्यातले शनिवार-रविवार स्पर्धेला. १९८७ साली कॅथी फालमन हिच्या संघातून ती पहिल्यांदा राष्ट्रीय स्पर्धेला गेली. पुढे तो संघ फुटला आणि १९९० च्या सुमारास तिने स्वतः स्किप होऊन नवा संघ बांधला.

त्या तिघींची नावं घेतल्याशिवाय पुढे जाणं बरोबर नाही. जॅन बेटकर (आडनाव वाचून मला ती आपल्याकडचीच वाटली होती), जोन मॅककस्कर आणि मार्शिया गुडरिट. जोन शाळेत शिकवायची, मार्शिया संगणकाच्या कामात. चौघी कमावत्या. प्रत्येकीच्या घरी स्वयंपाक, नवरा, आजारपणं, हप्ते, सगळं होतंच. एकीने रजा काढायची तर चौघींची रजा जुळायला हवी. एकीचं बाळंतपण म्हणजे चौघींच्या वेळापत्रकाचा प्रश्न. अशा चौघी आठ-नऊ वर्षं एकत्र टिकल्या. आमच्या बचतगटात दहा जणींना महिन्यातून एकदा एका ओसरीवर आणताना माझ्या नाकी नऊ येतात, म्हणून मला त्यांच्या सुवर्णपदकापेक्षाही या टिकण्याचं जास्त अप्रूप वाटतं.

१९९३ साली ब्रँडन गावी त्यांनी पहिल्यांदा राष्ट्रीय स्पर्धा जिंकली. त्याच वर्षी स्वित्झर्लंडमध्ये जिनिव्हाला जागतिक विजेतेपद. नियम असा, की देशात जिंकलेला संघ पुढच्या वर्षी पात्रता फेरी न खेळता थेट येतो आणि 'टीम कॅनडा' म्हणून खेळतो. १९९४ मध्ये त्यांनी ते विजेतेपद राखलं आणि जर्मनीत ओबर्स्टडॉर्फला पुन्हा जग जिंकलं. १९९५ मध्ये हरल्या. १९९६ कोरडं गेलं. लोक म्हणू लागले असतील, झालं आता यांचं. कुठेही गेलं तरी लोक ते लोकच! १९९७ मध्ये व्हँकुव्हरला तिसरं राष्ट्रीय विजेतेपद आणि मग स्वित्झर्लंडच्याच बर्नला तिसरं जागतिक. त्याच चौघींनी तीनदा जग जिंकण्याचं हे पहिलंच उदाहरण. तिकडचे लोक तिला लाडाने 'श्मर्लर द कर्लर' म्हणू लागले, नाव आणि खेळ यमकात बसतात म्हणून.

आणि याच वर्षी ती गरोदर होती.

तिचं पहिलं लग्न टिकलं नव्हतं. नंतर शॅनन इंग्लंड याच्याशी तिने संसार मांडला. आडनाव माहेरचंच ठेवलं. सप्टेंबर १९९७ मध्ये थोरली लेक झाली. आणि नोव्हेंबरच्या शेवटी ब्रँडनला ऑलिंपिकसाठी संघ निवडण्याची स्पर्धा होती. १९९८ च्या ऑलिंपिकमध्ये बायकांचं कर्लिंग अधिकृत खेळ म्हणून पहिल्यांदाच येणार होतं, तेव्हा ही संधी सोडली तर पुढची चार वर्षांनी. बाळ किती दिवसांचं? अडीच महिन्यांचं.

बाळंतपण झालेल्या प्रत्येकीने इथे जरा थांबून विचार करावा. अडीच महिन्यांत आपलं अंग कसं असतं? कंबर धरलेली, झोप तुटकी, दूध चढलेलं. आपल्याकडे सव्वा महिना बाहेर निघू देत नाहीत. त्यात विश्रांती मिळते ते चांगलंच आहे, त्याला मी नावं ठेवणार नाही. पण त्या सव्वा महिन्यानंतर बाईचं जे काही आधीचं होतं, ते परत सुरू होतं का? आमच्या गटात एक जण आहे. लग्नाआधी खो-खो खेळायची. जिल्ह्यापर्यंत गेलेली, पदक आहे तिच्याकडे. अठरा पूर्ण होताच लग्न झालं. पदक पेटीत तळाशी, साड्यांच्या खाली. एकदा सहज विचारलं, पुन्हा खेळावंसं वाटतं का गं? तर ती कितीतरी वेळ हसतच राहिली. लग्न झालेली, दोन लेकरांची बाई पदर खोचून खांबाभोवती पळतेय, ही कल्पनाच तिला हसण्यासारखी वाटली. तिच्या हसण्याने मला मात्र हसू आलं नाही. आपल्या भागात कबड्डी, खो-खो खेळणाऱ्या पोरी कमी नाहीत. शाळेच्या मैदानावर त्या वाऱ्यासारख्या पळतात. दहावी-बारावी झाली की कुठे जातात? तालुक्याच्या, जिल्ह्याच्या स्पर्धा शाळा-कॉलेजच्या पोरींसाठी आहेत. पंचवीस-तीस वर्षांच्या, पोरंबाळं असलेल्या बाईला गावात संध्याकाळी तासभर खेळायला जागा कुठे आहे? बिगर गावात ती होती. एवढाच फरक, पण तो केवढा मोठा!

तर ब्रँडनला सॅन्ड्रा उतरली. अंतिम सामना कॅलगरीच्या शॅनन क्लाइब्रिंक हिच्या संघाशी. (नवऱ्याचंही नाव शॅनन, समोरच्या बाईचंही शॅनन. तिकडे हे नाव दोघांचंही असतं.) सातव्या डावात पेच पडला. समोरच्या संघाचा दगड मधोमध, आणि त्याच्यापर्यंत सरळ वाट नाही. सुरक्षित खेळायचं तर एखाद्या गुणावर समाधान मानून मोकळं व्हायचं. सॅन्ड्राने दुसरी वाट धरली. बाजूला असलेल्या एका दगडावर आपला दगड असा आपटवायचा, की तो तिथून वळून आत शिरेल आणि मधला दगड उडवून स्वतः तिथेच थांबेल. कॅरम खेळणाऱ्यांना कळेल मी काय म्हणते ते. एका सोंगटीला चाटून दुसरी घ्यायची, फक्त इथे सोंगटी अर्ध्या मणाची आणि अंतर शंभर फुटांच्या वर. चुकलं असतं तर ऑलिंपिक गेलंच होतं. दगड आत शिरला, मधला उडाला, एकदम तीन गुण! ९-६ असा सामना जिंकला. कॅनडात कर्लिंगबद्दल बोलताना आजही लोक या एका दगडाची आठवण काढतात.

फेब्रुवारी १९९८. जपानमध्ये नागानोचं हिवाळी ऑलिंपिक. कर्लिंगचे सामने जवळच्या कारुइझावा गावात. आठ देश. साखळीत सातपैकी सहा सामने जिंकून कॅनडा पुढे गेला. उपांत्य सामन्यात ब्रिटनच्या संघाने चांगलाच घाम काढला. बरोबरी झाली, जादा डाव खेळावा लागला आणि ६-५ असा निसटता विजय मिळाला. अंतिम सामना डेन्मार्कशी, तो ७-५ ने जिंकला. बायकांच्या कर्लिंगचं ऑलिंपिकमधलं पहिलं सुवर्णपदक सस्कॅचवनच्या या चार नोकरदार बायांच्या गळ्यात पडलं. हरलेल्या डेन्मार्कचंही कौतुक करायला हवं. त्या देशाला हिवाळी ऑलिंपिकमध्ये तोवर एकही पदक मिळालेलं नव्हतं. पहिलं आणलं ते या बायांनीच.

मोठ्या मिरवणुका, सत्कार झाले आणि मग सगळ्याजणी आपापल्या कामावर हजर झाल्या.

जून १९९९ च्या शेवटी सॅन्ड्राला दुसरी मुलगी झाली. पण बाळंतपणानंतर तिचं दुखणं थांबेना. तपासण्या झाल्या, तेव्हा छातीत हृदयाच्या मागे गाठ निघाली. कर्करोग. शस्त्रक्रिया झाली, औषधं झाली, किरणांचे उपचार झाले. वय ३६, पदरात तान्हं बाळ. मी आरोग्य शिबिरांना जाते तेव्हा एक गोष्ट नेहमी दिसते. बाळंतपणानंतरचं दुखणं बाई अंगावर काढते. कंबर दुखतेय, तर बाळंतपणाचीच असेल. अशक्तपणा, तर दुधामुळे असेल. दर वेळी मोठा आजार थोडाच असतो, घाबरून जाऊ नका. पण महिना-दोन महिने होऊनही दुखणं हटत नसेल, तर सरकारी दवाखान्यात जाऊन दाखवून घ्या. एवढं या निमित्ताने सांगते आणि पुढे जाते.

फेब्रुवारी २००० मध्ये सॅन्ड्रा पुन्हा लोकांसमोर आली. मॉन्क्टन इथे कुमार गटाची राष्ट्रीय स्पर्धा होती आणि ती टीव्हीसाठी सामन्यांचं समालोचन करायला गेली. आजारपणात इतके महिने ती पत्रकारांना भेटली नव्हती. तिथे बसून तिने सगळं मोकळेपणाने सांगितलं. आपल्या तीन इच्छा आहेत, असं ती म्हणाली. एक, घरच्यांकडे नीट बघायचं. दुसरी, कुठेतरी उबदार ठिकाणी सुट्टी घालवायची. तिसरी, पुन्हा खेळायचं. या तिन्हींत पदक नाही, मोठेपणा नाही. त्यातली दुसरी तर मला फारच जवळची वाटते. आयुष्यभर बर्फावर काढलेल्या बाईला शेवटी ऊन हवं होतं. आमच्याकडचं थोडं पाठवता आलं असतं तर, असंही मनात येऊन गेलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत, २ मार्चला, रजायनात ती गेली.

६ मार्चला तिला निरोप दिला, तो देशभर टीव्हीवर थेट दाखवला. त्याच आठवड्यात शेजारच्या सस्कॅटूनमध्ये पुरुषांची राष्ट्रीय स्पर्धा चालू होती. तीच ती, १९२७ पासूनची. त्या दिवशी दुपारचे सामने पुढे ढकलले. खेळाडू आणि प्रेक्षक तिथेच बसून पडद्यावर सॅन्ड्राचा अंत्यविधी पाहत होते. ज्या स्पर्धेनंतर चौतीस वर्षांनी बायकांना त्यांची स्पर्धा मिळाली, ती पुरुषांची स्पर्धा एका बाईसाठी थांबली होती. हे दृश्य मी पाहिलेलं नाही, फक्त वाचलंय, तरी ते माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

तिच्या मागे बाकीच्या तिघी खेळत राहिल्या. राष्ट्रीय स्पर्धेच्या अखेरच्या सामन्यांत जी सगळ्यात चांगली खेळते, तिला मिळणाऱ्या पुरस्काराला सॅन्ड्राचं नाव दिलं गेलं. २००१ साली तिच्या नावाने एक संस्था उभी राहिली. तिचं काम थोडं वेगळं आहे. कॅनडातल्या दवाखान्यांत दिवस भरण्याआधी जन्मलेली, जिवावर बेतलेली बाळं ज्या विभागात ठेवतात, तिथे लागणारी यंत्रं घेऊन द्यायची. आपल्याकडे नाही का म्हणत, बाळ पेटीत ठेवलंय, त्या पेट्या आणि त्यांच्या जोडीची साधनं. बायकांची राष्ट्रीय स्पर्धा टीव्हीवर दिसते तेव्हा या कामासाठी देणग्या मागितल्या जातात आणि खेळ बघायला बसलेली माणसं त्या देतात.

आणि रजायनात ती जिथे नोकरीला होती, ते पोहण्याच्या तलावाचं केंद्र. नगरपालिकेने त्यालाही तिचं नाव दिलं. पूर्वी तिथल्या हजेरीपटावर असलेलं नाव आता दारावरच्या पाटीवर आहे, आणि त्या पाटीखालून टॉवेल खांद्यावर टाकलेली लहान लहान पोरं पोहायला शिकायला आत जातात.